पेनांगची पाल

“वहिनी, ती कुठं हाय ते आधी सांगा, मग मी आत येते,” मी दाराबाहेरूनच ओरडले.

“कोण ती?”

“पाल ओ! ट्यूबच्या मागं गेली बघा. चांगली वीतभर हाय.”

वहिनी पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. घरातून निघताना नेसलेली साडी अजून अंगावर होती. त्यांनी मान वर करून ट्यूबकडं पाहिलं आणि म्हणाल्या, “पालच हाय की. वाघ न्हाई. या आत.”

गडहिंग्लजच्या स्टँडजवळ माझी खानावळ होती. पिऊन आलेल्या गड्यांना मी गचांडी धरून बाहेर काढलेलं आहे, एकाला तर उलथनं घेऊन स्टँडपर्यंत पळवलेलं आहे. शालनबाई म्हटलं की गाव वचकून असायचं. पण पाल दिसली की माझी पाचावर धारण बसते, त्याला काय करणार? मी बॅगा व्हरांड्यातच टाकल्या आणि खाली जाऊन लॉजच्या मालकिणीला घेऊन आले. पुष्पम नावाची जाडगेली, हसरी तमिळ बाई होती. तिला हिंदी येत नव्हतं आणि माझं इंग्रजी म्हणजे आनंदच. मी भिंतीकडं बोट केलं आणि हाताची बोटं पालीसारखी चालवून दाखवली.

ती खो खो हसली. “चिचा, चिचा! नो बाइट. ईट मॉस्किटो. गुड!”

“गुड असंल तर तुझ्या खोलीत ने,” मी मराठीत म्हटलं. ती आणखी हसली आणि खाली निघून गेली.

आम्ही मलेशियात फिरायला आलो नव्हतो. माझा भाचा संग्राम तिथल्या पेनांग बेटावर एसी बसवायच्या कंपनीत कामाला होता. पावसात मोटरसायकल घसरली आणि डोक्याला मार लागला. कंपनीच्या माणसाचा फोन आला तेव्हा घरात पासपोर्ट फक्त वहिनींकडं होता. तो संगूनंच काढायला लावला होता, ‘आईला समुद्र दाखवतो, विमानात बसवतो’ म्हणून. त्यानं वडिलांच्या, म्हणजे माझ्या दादाच्याही खूप विनवण्या केल्या होत्या, पण दादानं ‘मला कुठं जायचंय परदेशी’ म्हणून ऐकलं नव्हतं. माझा पासपोर्ट होता, कारण मी भिशीच्या बायकांबरोबर दुबई बघून आले होते. दुबईत सोनं बघितलं, एवढाच काय तो माझा परदेशाचा अनुभव. तेवढ्या शिदोरीवर दादानं माझ्या हातात वहिनींना दिलं.

आता दादा नाही, म्हणून हे सांगते आहे. तो असताना सांगता आलं नसतं.

विमानातून उतरून बॅगांसकट आधी हॉस्पिटलात जाऊन संगूला आम्ही बघून आलो होतो. डोक्याला पांढरं बँडेज, तोंडात नळी आणि शेजारी मशीन. छाती वर-खाली होत होती. अंग गरम होतं. गालावर दाढीचे खुंट आले होते. वहिनींनी त्याच्या पायाचे तळवे पदरानं पुसले आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, “झोपल्यागत दिसतोय न्हाई?” मी ‘व्हय’ म्हटलं. खरंच तसाच दिसत होता.

तिथून लॉजवर आलो तर ही पाल. मी खोलीच्या मध्यावर खुर्ची ओढली, कुठल्याच भिंतीला अंग लागणार नाही अशी, आणि तिच्यावर पाय वर घेऊन बसले. वहिनी म्हणाल्या, “वन्सं, मी त्याचा हात धरला न्हवं, तेव्हा बोट हललं त्याचं. करंगळी. मी बघितलं. संगू उठणार बघा.”

आणि ट्यूबच्या मागून पाल चुकचुकली.

आमच्याकडं बोलता बोलता पाल चुकचुकली, की बोललेलं खरं होतं असं मानतात. मग ‘खरं, खरं’ म्हणत बोटानं टकटक करायचं. माझी आई करायची. वहिनींनी पलंगाच्या फळीवर बोट वाजवलं. “खरं, खरं, खरं,” त्या म्हणाल्या आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर हसू आलं. खोटं कशाला बोलू? खुर्चीच्या दांड्यावर मीसुद्धा टकटक केलं. जिची मला एवढी किळस, तिचे त्या क्षणी मी पाय धरले असते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या पंजाबी होत्या, गुरप्रीत नावाच्या. आजोबांच्या काळापासून तिथंच स्थायिक, पण हिंदी चांगलं बोलायच्या. त्यांनी वहिनींना खुर्ची दिली, स्वतः समोर बसल्या आणि सावकाश सांगितलं. मेंदू संपला आहे. दोघा डॉक्टरांनी वेगवेगळं तपासलं, दोन्ही वेळा तेच निघालं. छाती हलते ती मशीनमुळं. मशीन बंद केलं की सगळं थांबेल. आता त्याला त्रास असा काहीच नाही, कारण कळायला तो तिथं नाही. आई सांगेल तेव्हा मशीन बंद करू.

मी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. वहिनी मान हलवत ऐकत होत्या. सगळं झाल्यावर म्हणाल्या, “त्यांना सांगा, बोट हललं त्याचं.”

मी सांगितलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “होता है माताजी. शिरा आपोआप हलतात. त्यात तो नसतो.”

“काय म्हणाल्या?” वहिनींनी विचारलं.

मी सांगितलं. वहिनी उठल्या. “त्यांनी बघितलं न्हाई. मी बघितलं,” असं म्हणून त्या सरळ बाहेर चालू लागल्या.

दुपारी दादाचा फोन आला. मी फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. दादा तापट माणूस, आणि तिथं घरात एकटा बसून त्याचा जीव नुसता तळमळत होता. मी डॉक्टरांचं म्हणणं सांगायला लागले तर मध्येच ओरडला, “शाले, डॉक्टर काय देव लागून गेला? मशीनला कुणी हात लावायचा न्हाई!”

“दादा, अरे दोघांनी तपासलंय...”

“दहा जणांनी तपासू दे! सरोजनी, ऐकतीस न्हवं? माझं पोरगं जित्तं हाय. मशीन काढू दिलंस तर परत या घराचा उंबरा चढू नकोस. सांगून ठेवतो.”

फोन बंद झाला. वहिनी फोनकडं बघत राहिल्या. या बाईनं लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याचा शब्द खाली पडू दिला नव्हता. माहेरी कुणी उरलं नव्हतं. घर एवढं एकच, आणि त्या घरात आता पोरगा नसणार होता. मला दादाचा संताप आला आणि त्याची कीवही आली.

त्यानंतर वहिनींचं काहीतरी बिनसलं. सकाळी हॉस्पिटलला जायच्या, संगूजवळ थोडा वेळ उभ्या राहायच्या आणि लगेच म्हणायच्या, “चला, खोलीवर जाऊ.” खोलीवर आलं की पलंगावर पालीकडं तोंड करून बसायच्या. मग अधूनमधून बोलायच्या.

“दिवाळीला संगू घरी असंल.”

आणि वाट बघायच्या. पाल कधी चुकचुकायची, कधी नाही. चुकचुकली की बोट वाजवायच्या. नाही चुकचुकली की थोड्या वेळानं तेच वाक्य परत.

“वहिनी, असं ठरवून बोललेलं धरत न्हाईत,” एकदा मी म्हटलं.

“का न्हाई धरत?”

“सहज बोलताना चुकचुकली तर खरं. आपण बोलायचं आन् तिच्या तोंडाकडं बघत बसायचं, असं कुठं असतंय?”

“मग सहज बोलते की,” त्या म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडं वळवून, जणू कुणाशी काही देणंघेणं नाही अशा आवाजात म्हणाल्या, “संगूचं लग्न यंदा करून टाकू.”

मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी बाथरूममध्ये गेले, तिथल्या भिंती आधी नीट बघून घेतल्या आणि तोंडावर पाणी मारत राहिले.

मालकीण एकदा चहा घेऊन वर आली आणि पाल काढू का म्हणून खुणेनं विचारलं. हातात झाडू होता. बिचारी माझ्यासाठीच आली होती. मी ‘व्हय’ म्हणणार तोच वहिनींनी दोन्ही हात आडवे केले. “न्हाई, न्हाई! राहू दे तिला.” मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “तुम्हाला भ्या वाटत असंल तर दुसरी खोली घ्या वन्सं. मी हितंच राहते.”

मी कुठली जाते? खुर्चीवर झोपले, पण वहिनींना सोडलं नाही.

पुढं एके दिवशी त्या हॉस्पिटललाच येईनात. मी साडी नेसून तयार, आणि ह्या आपल्या पलंगावर बसलेल्या.

“चला वहिनी.”

“तुम्ही जावा. मी हितं बसते.”

“आणि पोरगं?”

“तिथं बघवत न्हाई मला. तिथं मशीन नुसतं आवाज करतंय. हितं निदान कोणतरी बोलतंय माझ्याशी.”

मग मात्र माझं डोकं सटकलं. पोरगा तिकडं पडलेला आणि त्याची आई एका पालीपुढं हात जोडून बसलेली. हे मला बघवेना. मालकिणीचा झाडू दाराबाहेर टेकवलेला होता. तो मी उचलला आणि आत आले.

“वन्सं, काय करताय?”

“हिला बाहेर काढते. मग बघू तुम्ही कुणाशी बोलताय.”

“मारू नका! वन्सं, पाया पडते, मारू नका तिला!”

“मारत न्हाई. खिडकीतनं घालवते.”

मला अजून कळत नाही त्या दिवशी माझ्यात तेवढं बळ कुठून आलं. मी खुर्चीवर चढले आणि झाडूनं ट्यूबच्या मागं ढोसलं. पाल सळसळत भिंतीवर आली. मी किंचाळले, पण झाडू सोडला नाही. वहिनींनी माझा हात धरून मागं ओढला. त्या ओढाओढीत झाडूचं टोक पालीच्या मागच्या भागावर जोरात दाबलं गेलं. पाल निसटली, खिडकीच्या वरच्या झडपेतून बाहेर गेली आणि काहीतरी पलंगावर पडलं.

शेपूट होतं. पांढऱ्या चादरीवर पडून ते वळवळत होतं.

मी खुर्चीवरच उभी राहिले. खाली उतरायची छाती होईना. बोटभर शेपूट, पण काय त्याचा जोर! या कुशीवर वळायचं, त्या कुशीवर वळायचं, उसळी मारायचं, क्षणभर थांबायचं आणि परत सुरू. एरवी मी दार तोडून पळाले असते. पण वहिनी चादरीजवळ खाली गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि अगदी जवळून बघत होत्या, म्हणून मीही बघत राहिले.

“पाल कुठं गेली?” त्यांनी विचारलं.

“गेली. खिडकीतनं बाहेर गेली.”

“मग हे कसं हलतंय?”

गावाकडं पालीचं शेपूट तुटलेलं आम्ही दोघींनी शंभरदा बघितलं असेल. केरसुणीनं लोटून टाकलं असेल. पण असं बसून शेवटपर्यंत बघितलं नव्हतं.

शेपूट हळूहळू मंद झालं. मग नुसतं टोक हलत राहिलं. वहिनींनी हात पुढं केला, पण लावला नाही.

“वन्सं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजीला मीठ घातलंय का असं विचारावं तसा. “संगूची करंगळी अशीच हलली का ओ?”

मी गावात तोंडाळ म्हणून प्रसिद्ध. कुणाला उत्तर द्यायला मला कधी वेळ लागला नाही. त्या दिवशी लागला.

“व्हय वहिनी,” मी म्हटलं. “अशीच.”

टोक थांबलं. वहिनी तशाच बसून राहिल्या. मी खुर्चीवरून उतरले, त्यांच्या शेजारी बसले आणि त्यांना जवळ घेतलं. तेव्हा कुठं त्या रडल्या. संगू पडल्याचा फोन आल्यापासून त्या रडल्या नव्हत्या. मोठ्यानं, गावाकडच्या बायका रडतात तशा रडल्या. खालून पुष्पम धावत आली, दारात उभी राहिली, आणि एक शब्द न कळता तीही डोळे पुसायला लागली.

मग वहिनी उठल्या. आंघोळ केली, बॅगेतली धुतलेली साडी नेसल्या, कुंकू लावलं. “चला,” म्हणाल्या.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी डॉक्टरीणबाईंना एकच गोष्ट विचारायला लावली. मशीन बंद करताना आपला हात त्याच्या छातीवर ठेवला तर चालेल का? चालेल, त्या म्हणाल्या. वहिनींनी हात ठेवला. दुसऱ्या हातानं त्याच्या गालावरचे खुंट चाचपले.

“बंद करा,” त्या मराठीतच म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी हिंदीत सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, “समझ गई.”

छाती खाली गेली आणि परत वर आली नाही. वहिनींनी हात काढला नाही. बऱ्याच वेळानं मला म्हणाल्या, “अजून गरम हाय ओ.” मी त्यांचा हात हळूच उचलून माझ्या हातात घेतला.

दादाचा फोन आला तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. मी ‘दादा, संगू गेला’ एवढंच म्हटलं. मग त्याचा आवाज आला, फुटलेला. “मशीन?”

“बंद केलं.”

“कुणी सांगितलं बंद करायला?”

वहिनींनी फोनकडं हात पुढं केला. त्या खरं सांगायला निघाल्या होत्या. खोटं त्यांना येतच नव्हतं. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पाठ फिरवली.

“मी सांगितलं,” मी म्हटलं. “वहिनी नको म्हणत होत्या. मी ऐकलं न्हाई.”

“शाले,” दादा म्हणाला, “तू मारलंस माझ्या पोराला.”

फोन बंद झाला. वहिनींनी माझा दंड एवढा घट्ट धरला की बोटं रुतली.

“हे काय केलंत वन्सं? मी सांगते त्यांना. आत्ता सांगते.”

“सांगितलंत तर माझं मेलेलं तोंड बघाल,” मी म्हटलं. “मला माझं घर हाय, माझी खानावळ हाय. तुम्ही कुठं जाणार? आणि दादाला तरी तुमच्याशिवाय कोण हाय?”

संगूला घेऊन आम्ही गावी आलो. दादानं मला चौकटीतच अडवलं. पोराच्या अंगावर फूलसुद्धा घालू दिलं नाही. मी रस्त्याच्या पलीकडं उभी राहून सगळं बघितलं. गावात हजार तोंडांनी हजार गोष्टी झाल्या. मी, जिनं कुणाचं कधी ऐकून घेतलं नाही, ते सगळं ऐकून घेतलं. वहिनी समोर दिसल्या तर मान खाली घालायच्या, आणि मी डोळ्यांनीच त्यांना दम द्यायचे.

संगूचं वर्षश्राद्ध झालं. त्यानंतरच्या दिवाळीत भाऊबीजेला मी नेहमीसारखा पाट मांडला, रांगोळी काढली, ताट केलं. दादाला निरोप धाडला होता. येणार नाही हे मला माहीत होतं, पण पाट मांडल्याशिवाय राहवलं नाही. वाट बघून बघून निरांजनातलं तूप संपत आलं. मी ते उचलणार एवढ्यात दारात वहिनी उभ्या.

“दादानं पाठवलं?” मी विचारलं.

“न्हाई. मीच आले. त्यांना सांगून आले, वन्संकडं चालले म्हणून. काय बोलले न्हाईत.”

त्या आत आल्या, चप्पल कडेला सारली आणि सरळ जाऊन पाटावर बसल्या. पदर डोक्यावरून घेतला.

“ओवाळा,” म्हणाल्या.

“अहो वहिनी, खुळ्या का काय? आज भावाला ओवाळतात.”

“मग ओवाळा की,” त्या म्हणाल्या.

मी निरांजनात तूप घातलं, वात पुढं केली. त्यांच्या कपाळावर कुंकू लावलं आणि ओवाळलं. दादा पुढं बरीच वर्षं जगला, पण माझ्या दारात आला नाही. दर भाऊबीजेला त्या पाटावर वहिनी येऊन बसत राहिल्या.